कोठीच्या खोलीतली सात पोती

मला राग फार लवकर येतो. आई म्हणायची, नीलम, तुझं हे तोंड तुला सासरी नांदू द्यायचं नाही. नांदले. अठरा वर्षं झाली. मांडवगण फराट्याच्या अलीकडे, भीमेच्या काठाला आमची वाडी आहे, आणि वाडीतली अंगणवाडी गेली बारा वर्षं मी चालवते. आता जे सांगणार आहे ते शांतपणे सांगता येईल असं मला वाटत नाही, आणि सांगायचंही नाही.

आमच्याकडं चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. मागच्या उन्हाळ्यात त्यानं भरदिवसा गोठ्यातून शेळी उचलली. तोवर खुरपायला जाणाऱ्या बाया लेकरांना बांधावर झोळीत निजवायच्या, चालत्या पोरांना सावलीला बसवायच्या. मी घरोघरी फिरले. लेकरं माझ्याकडं द्या, माझ्याकडं चार भिंती आहेत, दार आहे, दाराला कडी आहे, असं प्रत्येकीला सांगितलं. रंगुबाई सगळ्यात शेवटी तयार झाली. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी बाई, नवरा नाही, आणि चार वर्षांची एकुलती एक करिश्मा. तिनं मला तीन वेळा विचारलं होतं, बाई, दाराची कडी नीट लागते ना? शेवटी तिनंही पोरगी आणून सोडली आणि माझ्याकडं सतरा लेकरं झाली. अंगणात त्यांना खेळायला सोडायचं नाही, आत बसवायचं, असा नियमच केला मी.

आमच्या वाडीचे सरपंच हौसराव. माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर. त्यांची नात सायली पिवळ्या व्हॅनमधून शिरूरच्या इंग्रजी शाळेत जाते. झेंडावंदन सोडलं तर त्यांच्या घरातलं कुणी अंगणवाडीच्या पायरीवर पाय ठेवत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ज्याची ऐपत, त्यानं पाठवावं.

यंदा स्वच्छ गावाची स्पर्धा आली आणि तिच्यात जुन्या बॅटऱ्या गोळा करायला वेगळे गुण होते. हौसरावांनी घंटागाडीवरून पुकारा केला. घट बसायच्या आधी सगळीकडं घरं आवरायला काढलेली असतात, त्यामुळं पुकारा अगदी मोक्याला झाला. आमच्याकडं बॅटरी नाही असं घर नाही. फवारणीच्या पंपाची बॅटरी, रानडुकरं अडवायला तारेला करंट सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी, बिबट्याच्या भीतीनं घेतलेले डोक्याला बांधायचे दिवे, मोबाईल तर विचारूच नका. मेल्यावर त्यांचं करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी बांधावर फेकायचं, कुणी पडक्या विहिरीत. त्यामुळं लोकांनी खुशीनं आणून टाकल्या. युरियाची सात पोती भरली. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते.

पण पोती ठेवायची कुठं? ग्रामपंचायतीच्या ऑफिसला, गुण द्यायला येणाऱ्या समितीसाठी, नुकताच रंग दिला होता. मग हौसरावांना अंगणवाडी आठवली. आमच्याकडं एक मोठी खोली आहे, तिथं लेकरं बसतात. आणि तिलाच लागून कोठीची लहान खोली, तिथं खाऊची पाकिटं नि डाळ-तांदूळ असतात. कोठीला बाहेरून दार नाही. तिचं दार लेकरांच्या खोलीतच उघडतं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले. थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर सारखा करून मी बरं म्हटलं. ते बरं मला अजून टोचतं. डाळ-तांदूळ मी आणि आमच्या मदतनीस साखरबाईंनी ओढत लेकरांच्या खोलीत आणून भिंतीला लावले आणि कोठीत ती सात पोती गेली.

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ. समितीची तारीख पुढं गेली, आणि समितीनं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोती हलवायची नाहीत, कारण गुण पोत्यांवर होते.

घटस्थापनेला माझा धाकटा भाऊ मल्हारी आला. तो कुरकुंभला केमिकलच्या कारखान्यात आहे, आग लागू नये म्हणून जी माणसं ठेवलेली असतात त्यांच्यात. शिफ्ट करून सरळ माझ्याकडं आला होता, चहा पण घेतला नव्हता. त्यानं एका पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं आणि हात मागं घेतला. पंपाच्या बॅटऱ्यांच्या वायरी उघड्या, एकमेकींत गुंतलेल्या. मोबाईलच्या बॅटऱ्या भाकरी फुगावी तशा फुगलेल्या. मधेच शिशाच्या जड बॅटऱ्या, त्यांतलं ॲसिड पोत्याच्या तळाला पाझरलेलं. त्यानं मला धाकट्या लेकराला सांगावं तसं सांगितलं. मेलेली बॅटरी पूर्ण मेलेली नसते, तिच्यात जीव शिल्लक असतो. दोन टोकं लोखंडाला किंवा एकमेकांना लागली की ती तापते, आणि लिथियमवाली असली की पेट घेते, एकीची आग दुसरीला लागते. प्रत्येकीच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची. फुगलेल्या वेगळ्या काढून कोरड्या वाळूत ठेवायच्या. दाबायच्या नाहीत, टोचायच्या नाहीत, ओल्या करायच्या नाहीत. आणि माणसं राहतात तिथं तर ठेवायच्याच नाहीत. नेणारी परवान्याची माणसं असतात, दौंडमध्ये पण एक आहे, एका फोनवर गाडी येते.

मी त्याच दुपारी हौसरावांकडं गेले. ते म्हणाले, तुझ्या भावाला कारखान्यात भीती दाखवायचाच पगार मिळतो. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, लोकांच्या घरात वर्षानुवर्षं पडल्या होत्या, तेव्हा कुठं पेटल्या? तिसऱ्यांदा मी लेखी अर्ज घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या नवऱ्याला फोन करून म्हणाले, बायकोला आवर. नवरा घरी येऊन माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाही. माझ्या वरच्या मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, गावाचा विषय गावातच मिटवा. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझे हात दुखले. मी कोठीला कुलूप घातलं, दारापुढं सतरंजी टाकली, आणि लेकरांना तिकडं फिरकू द्यायचं नाही असं साखरबाईंना सांगितलं. एवढंच केलं मी. पोती उचलून रस्त्यावर फेकायला हवी होती.

आणि मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं प्रत्येक अवजार धुऊन पुसून पुजतात. कोयता, खुरपं, नांगराचा फाळ, ट्रॅक्टर, आता फवारणीचा पंपसुद्धा. जे हत्यार आपल्याला पोसतं ते एक दिवस आंघोळ घालून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. मीही करते. माझी विळी आणि अंगणवाडीचा वजनकाटा मी स्वतः पुजला. ते सकाळीच उरकून मी माहेरी कासुर्डीला गेले होते, आईच्या घटाला. मागं हौसरावांच्या डोक्यात आलं की बॅटऱ्यांनीही शेतकऱ्याची सेवा केलीय, त्यांची पण पूजा घालू, फोटो समितीला पाठवू. कुलपाची दुसरी किल्ली पंचायतीत होती. सातही पोती अंगणात रिकामी केली. धूळ-मातीनं माखलेल्या बॅटऱ्या फोटोत चांगल्या दिसेनात, म्हणून नळाला पाईप लावून धुतल्या. सगळ्या. मग रांगेनं मांडून हळदकुंकू, झेंडू, नारळ, उदबत्त्या. फोटो झाले. आणि त्या ओल्या बॅटऱ्या तशाच पुन्हा पोत्यांत कोंबून कोठीत.

साखरबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी हौसरावांना विचारलं, ओल्या करू नका म्हणून बाई म्हणत होत्या ना? हौसराव म्हणाले, सणाला हत्यार धुतात का न धुतात? हे सगळं मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं, तेही साखरबाईंच्या बोटांवरून. शिशाच्या बॅटऱ्यांतून सांडलेलं पाणी त्यांनी फडक्यानं पुसलं होतं. ते साधं पाणी नव्हतं. बोटांची कातडी लाल होऊन सोलली होती. मी त्यांच्यावरच ओरडले. बिचारीवर ओरडून काय मिळालं, ओरडायचं होतं दुसऱ्याच कुणावर.

मल्हारीला फोन लावला. तो म्हणाला, आक्का, आजच्या आज लेकरं दुसरीकडं ने. मी त्या दिवशी लेकरांना घरी पाठवलं आणि शाळेची खोली मागितली. शाळेला परीक्षा होती. उद्या बघू, असं हेडमास्तर म्हणाले. उद्या आया कामाला जाणार, लेकरं कुठं ठेवणार? बिबट्या आदल्या संध्याकाळीच ओढ्याकाठी दिसलेला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडी उघडली. दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि लेकरांना बाहेरच्या दाराजवळ बसवलं. हा माझा निर्णय होता. मी त्यातून सुटत नाही.

अकराच्या सुमाराला साखरबाई मागच्या चुलीवर खिचडी ढवळत होत्या. लेकरं गाणं म्हणत होती. मला एक वास आला, गोडसर, नखाला लावायच्या रंगासारखा. मग कोठीच्या दाराआड फुसफुस ऐकू आली. मी उठेपर्यंत दाराखालून पांढरा धूर सतरंजीवर पसरायला लागला.

मी ओरडले नाही. लेकरं घाबरली की पळत नाहीत, लपतात. उठा, देवळात जायचंय, एकमेकांचे हात धरा, एवढंच म्हणाले. साखरबाईंनी पुढं होऊन त्यांना बाहेर काढलं. आम्ही मारुतीच्या देवळाच्या मंडपात पोचलो आणि मी मोजलं. सोळा. पुन्हा मोजलं. सोळाच. करिश्मा नव्हती.

पळत परत गेले तोवर आत फटाके फुटावेत तसं ताडताड फुटत होतं आणि कोठीचं दार वरून काळं पडलं होतं. धूर कमरेपर्यंत उतरला होता. पदर तोंडाला लावून मी वाकून आत शिरले. भिंतीला लावलेल्या तांदळाच्या पोत्यांमागं ती अंग चोरून बसली होती, कोठीच्या दारापासून चार हातांवर. तिला ओढली, काखोटीला मारली आणि बाहेर आले. तिला एवढा खोकला लागला की ओठ निळे दिसायला लागले. मी तिची पाठ चोळत बसले आणि तेव्हा मला कळलं की मी मोठमोठ्यानं शिव्या देते आहे. देवळाच्या पायरीवर बसून, सोळा लेकरांपुढं. आयुष्यात दिल्या नसतील अशा.

दिवसाची लाईट नव्हती, विहिरीच्या मोटारी बंद. शेजारच्या पप्पूनं डाळिंबाच्या फवारणीचा ट्रॅक्टर आणला, टाकीत सहाशे लिटर साधं पाणी होतं. मल्हारी फोनवर सांगत होता, आत कुणी जाऊ नका, धूर नाकात जाऊ देऊ नका, थोडंथोडकं पाणी नको, लांबून भरपूर मारत राहा. एक टाकी संपली, पप्पूनं ओढ्यातून दुसरी भरून आणली, ती संपल्यावर विझलं. दोन पोती जळून गेली होती. पाच राहिली होती. कोठीचं दार गेलं, छताचा पत्रा वाकला, आठवड्याचा खाऊ गेला.

आग विझायच्या आधीच रंगुबाई रानातून धावत आली होती. करिश्माला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, ऑक्सिजन लावला, आणि आता धोका नाही म्हणून घरी सोडलं.

हौसराव दीड वाजता शिरूरहून आले. आत डोकावले. भिंतीवरची काजळी बघितली. माझ्याकडं वळून त्यांनी जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"पाच पोती शाबूत हायत न्हवं? समिती शुक्रवारी यायचीय."

मी म्हणाले, "भाऊजी, लेकरू मरता मरता वाचलंय."

"वाचलं ना? मग. देवाची कृपा. पोती आता व्हरांड्यात घ्या, वर ताडपत्री टाका. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

एवढं बोलून ते गेले. माझा राग तोवर जाळासारखा होता, तो त्या क्षणाला थंड झाला. थंड राग मी पहिल्यांदाच अनुभवला.

दुपारी मल्हारी शिफ्ट संपवून आला, येताना जाड हातमोजे आणि चष्मे घेऊन आला. मोकळ्या पटांगणात आम्ही पाचही पोती एकेक करून रिकामी केली. त्यानं फुगलेल्या आणि ओल्या वेगळ्या केल्या, मी न् साखरबाईंनी राहिलेल्यांच्या टोकांवर चिकटपट्ट्या लावल्या. शाळेच्या बांधकामावरची कोरडी वाळू आणली. लोखंडी घमेल्यांत वाळू, वाळूत बॅटऱ्या, वर पुन्हा वाळू. शिशाच्या बॅटऱ्या प्लास्टिकच्या टबात उभ्या. सत्तावीस घमेली झाली. रात्रभर पप्पू लांबून राखण करत बसला. कुणीतरी झाकायला ताडपत्री घेऊन आला, त्याला मल्हारीनं, खाली ऊब कोंडते म्हणून, परत पाठवलं.

सकाळी मी मल्हारीला सांगितलं की हे सगळं हौसरावांच्या दारात न्यायचंय. त्यानं आधी सगळी घमेली एकेक करून तपासली. मग म्हणाला, हलवायचंच असेल तर एकदाच हलवायचं, सावकाश, आणि मी सांगेन तिथंच ठेवायचं. पप्पूच्या ट्रॉलीत वाळूचा थर घालून घमेली मांडली. ट्रॉलीच्या मागं मी, साखरबाई आणि लेकरांच्या आठ-दहा आया. कुणी घोषणा दिली नाही. आम्ही नुसत्या चालत होतो.

हौसरावांचं अंगण मोठं आहे, फरशीचं. मल्हारीनं पावलं मोजली. घरापासून पंधरा पावलं, गोठ्यापासून वीस, कडब्याच्या गंजीपासून त्याहून लांब, डोक्यावर उघडं आभाळ. मधोमध घमेली ओळीनं मांडली. लेकरांच्या खोलीला लागून त्या बॅटऱ्या होत्या त्यापेक्षा तिथं शंभर पटीनं सुरक्षित होत्या, आणि ते मला हवंच होतं. मला त्यांचं घर जाळायचं नव्हतं.

माझी जाऊ गिताबाई ओसरीवर आली. व्हॅनची वाट बघत सायली तिच्या मागं उभी होती, पाठीला दप्तर. गिताबाईनं घमेल्यांकडं बघितलं, काल अंगणवाडीत काय झालं ते तिला माहीत होतं. तिनं सायलीला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मग हौसराव बाहेर आले, तोंडात दातण तसंच.

"नीलम, हे काय चालवलंयस? उचल ते आधी. घरात लेकरं हायत माझ्या."

ते शब्द सगळ्या बायांनी ऐकले. बहुतेक हौसरावांनाही आपलेच शब्द ऐकू आले असावेत, कारण त्यांनी दातण तोंडातून काढलं.

मी म्हणाले, "माझ्याकडं सतरा हायत, भाऊजी."

त्यांनी नजर फिरवली. एकेका आईकडं बघितलं. नावानं ओळखत होते सगळ्यांना, मतं मागायला दारात गेले होते. मग खिशातून फोन काढला, दोन पावलं बाजूला जाऊन कुणाला तरी लावला, आणि आमच्याकडं पाठ करून हळू आवाजात बोलले.

साडेदहाला गाडी आली. दौंडहून. दोन माणसं, हातमोजे घातलेली, निळी पिंपं घेऊन. चटचट कामाला लागली. चिकटपट्ट्या बघून त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, काम नीट केलंय, एवढं कुणी करत नाही. मी त्याला विचारलं, तुम्हाला यायला एवढे दिवस का लागले? तो गोंधळला. म्हणाला, आम्ही घट बसायच्या आधीच सरपंचांना नंबर दिला होता, फोन करा, त्याच दिवशी येतो म्हणून. फोन आज आला.

मला बरं वाटायला हवं होतं. पोती गेली, आम्ही जिंकलो, असं बाया एकमेकींना म्हणत होत्या. मला मात्र कालच्यापेक्षा जास्त राग आला. एक फोन. बारा दिवस मी खेटे घातले, नवऱ्याचा अबोला सोसला, साखरबाईंची बोटं भाजली, ते लेकरू निळं पडलं, आणि काम होतं एका फोनचं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, म्हण ऐकली होती. तिची किंमत किती ती त्या अंगणात बघितली. गाडी निघताना हौसरावांनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. शुक्रवारी तोच समितीला दाखवला म्हणे.

शाळेची खोली मिळाली. परवा सकाळी मी तिथं सतरंजी अंथरली, खिडक्या उघडल्या, हजेरीपट घेऊन दारात उभी राहिले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. चार लेकरं आली.

दहाच्या सुमाराला रस्त्यानं रंगुबाई जाताना दिसली. हातात खुरपं, कडेवर करिश्मा, डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकरी. मी फाटकापर्यंत गेले. म्हटलं, खोली बदललीय, आता इथं काही नाही, स्वतः बघून जा. ती थांबली. आत बघायला आली नाही. करिश्मा माझ्याकडं हात करत होती, तिनं तो हात हळूच खाली घेतला.

"तुमच्यावर राग न्हाई, बाई. तुम्हीच तिला काढली," ती म्हणाली. "पर उसात बिबट्या हाय, ते मला ठाव तरी हाय."

ती गेली. मी तिला अडवलं नाही. ओढ्यापलीकडं उसाची कड सुरू होते तिथवर त्या दोघी दिसत होत्या, मग दिसेनाशा झाल्या. मी आत येऊन चार लेकरांची हजेरी लावली आणि तेरा नावांपुढं गैरहजर लिहिलं.